जळजळ थांबली, पण कारण गेलं का? अल्सरविषयी वाचकांचे प्रश्न

अल्सरबद्दल आलेल्या पत्रांमधले सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या हातातली चिठ्ठी नीट समजावी म्हणून. त्या वाचून परस्पर औषध सुरू करू नये.

प्रश्न : दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात ८ मिलिमीटरचा अल्सर निघाला. मी जेवणाच्या वेळा पाळतो, तिखट जवळजवळ खात नाही, स्वभावानेही शांत आहे. मग ॲसिड इतकं कशामुळे वाढलं?

बहुधा वाढलेलं नाहीच. जठराचा अल्सर असलेल्या बहुतेकांच्या पोटात आम्ल नेहमीइतकंच असतं, काहींच्या तर कमी असतं. रिकाम्या जठरातल्या रसाचा पीएच साधारण १ ते २ असतो. एवढ्या तीव्र आम्लात जठराचं अस्तर रोज शाबूत राहतं, कारण त्यावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट झिरपत राहतं. त्यामुळे अस्तराला लागून पीएच ७ च्या आसपास टिकतो. जोडीला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि वरच्या पेशी काही दिवसांतच नव्या येतात. ही सगळी व्यवस्था चालू ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांचा मोठा हात असतो. तेव्हा विचारायचं ते हे, की हे संरक्षण कशाने ढासळलं?

दोनच कारणं बहुतेक सगळे अल्सर घडवतात. एक, एच. पायलोरी हा जिवाणू. दुसरं, वेदनाशामक गोळ्या: ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन वगैरे. दोन्ही एकत्र असतील तर धोका आणखी वाढतो. गॅस्ट्रिन हे संप्रेरक भरमसाट तयार करणारी गाठ हे तिसरं, पण फारच दुर्मीळ कारण. मोठ्या भाजण्यानंतर, डोक्याच्या गंभीर दुखापतीत किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना होणारे अल्सर वेगळे. रोजच्या कामाच्या ताणाशी त्यांची गल्लत करू नये.

तिखटाने अल्सर होत नाही. असलेल्या जखमेवर ते झोंबतं, एवढंच. शांत स्वभावाचाही इथे उपयोग नाही.

रिपोर्ट वाचताना एक शब्द नीट पाहा. ‘इरोजन’ म्हणजे अस्तराच्या वरच्या थरापुरती खरवड. अस्तराच्या तळाशी स्नायूचा एक पातळ थर असतो, तो भेदून जखम खाली गेली की तिला अल्सर म्हणतात. व्यवहारात ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, खोली दिसणारी जखम अल्सर धरतात. तुमचा तो आहेच. आता तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: बायोप्सीत एच. पायलोरी तपासला का, आणि गेल्या महिन्याभरात घेतलेल्या प्रत्येक गोळीची यादी त्यांनी पाहिली का? ही उत्तरं मिळेपर्यंत उपचार अर्धाच झालेला असतो.

प्रश्न : जेवल्यावर दुखलं तर जठराचा आणि उपाशीपोटी दुखलं तर आतड्याचा अल्सर, हे खरं का?

पुस्तकात खरं. लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडिनममध्ये अल्सर असेल तर जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखतं आणि खाल्ल्यावर बरं वाटतं. जठरात असेल तर खाल्ल्यावर दुखणं वाढू शकतं. प्रत्यक्षात ही लक्षणं इतकी एकमेकांत मिसळतात की त्यावरून निदान करता येत नाही. वयस्कर आणि वेदनाशामक घेणाऱ्या अनेकांना तर काहीच दुखत नाही. त्यांचं पहिलं लक्षण थेट रक्तस्राव असू शकतं.

प्रश्न : एच. पायलोरीसाठी चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स दिला आहे. पाचव्या दिवशीच दुखणं थांबलं, पण जीभ काळी पडली आणि तोंड कडू झालं आहे. बाकीचा कोर्स सोडला तर चालेल का?

नाही. पाचव्या दिवशी थांबलं ते आम्ल कमी झाल्यामुळे. जिवाणू अजून तिथेच असू शकतो. अर्धवट कोर्सनंतर जे जिवाणू उरतात ते त्या औषधांना दाद न देणारे असण्याची शक्यता जास्त असते. पुढचा कोर्स मग आणखी अवघड होतो.

हा जिवाणू इतका चिवट का, हेही थोडं समजून घ्या. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. युरियापासून अमोनिया तयार करून तो स्वतःभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो आणि श्लेष्माच्या थरात खोल शिरून बसतो. तिथवर प्रतिजैविक पोहोचणं कठीण, आणि पोहोचलं तरी तीव्र आम्लात त्याचा प्रभाव घटतो. म्हणून आम्ल दाबणारी गोळी दिवसातून दोनदा, दोन प्रतिजैविकं आणि बिस्मथ, असा एकत्र मारा करावा लागतो.

चार औषधांच्या कोर्सची नेहमीची मांडणी अशी: ओमेप्राझोलच्या गटातली गोळी सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ दिवसातून चार वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा, मेट्रोनिडाझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम तीन ते चार वेळा. दुसरा प्रचलित कोर्स तीन औषधांचा: तीच आम्ल दाबणारी गोळी, ॲमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, तिन्ही दिवसातून दोनदा. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू अनेक भागांत वाढल्यामुळे हल्ली चार औषधांकडे कल आहे. पूर्वी कधी छातीच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन घेतलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावरून कोर्स बदलतो.

कोर्स फसतो तो बहुतेक वेळा बारीकसारीक गोष्टींत. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर, अथवा अँटासिडबरोबर घेतलं की त्याचं शोषण होत नाही, म्हणून मध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. ते भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करते. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू टाळण्याचा सल्ला दिला जातो. क्लॅरिथ्रोमायसिनचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, विशेषतः सिमव्हास्टॅटिनशी, जमत नाही. वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये त्याने रक्त जास्त पातळ होतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲमॉक्सिसिलिन नाही. एखादी मात्रा चुकली तर आठवल्यावर घ्या, पण दोन एकदम घेऊ नका.

काळी जीभ आणि काळा मल ही बिस्मथची करामत. औषध संपलं की जाते. तोंडाची धातूसारखी चव मेट्रोनिडाझोलची. दोन्ही निरुपद्रवी. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, धाप किंवा दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : कोर्स पूर्ण झाला. महिन्याने रक्तात एच. पायलोरीची तपासणी केली, ती पुन्हा पॉझिटिव्ह. सगळे उपचार वाया गेले का?

तपासणी चुकीची निवडली गेली. रक्ततपासणी जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जिवाणू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. उपचार लागू पडला की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी दोन तपासण्या आहेत. श्वासाची चाचणी: कार्बन-१३ असलेला युरिया प्यायला देतात. जिवाणू असेल तर त्याचं युरिएज तो फोडतं आणि तोच कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्यामुळे भीतीचं कारण नाही. दुसरी, मलातल्या जिवाणूच्या प्रथिनांची चाचणी. दोन्हींची अट एकच. प्रतिजैविकं आणि बिस्मथ संपून किमान ४ आठवडे झालेले असावेत आणि आम्ल दाबणारी गोळी किमान २ आठवडे बंद असावी. ही अट न पाळता केलेली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि खोटी निगेटिव्ह ही खोट्या पॉझिटिव्हपेक्षा घातक, कारण ती आल्यावर कोणी पुढे बघतच नाही. मधल्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं. ज्यांना रक्तस्राव होऊन गेला आहे किंवा ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी मात्र आम्ल दाबणारी गोळी विचारल्याशिवाय बंद करू नये.

जिवाणू खरंच उरला असेल तर तोच कोर्स पुन्हा घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा फसलं की दुसऱ्यांदा ते वापरत नाहीत.

जाता जाता: हा जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे जिवाणू वाढवायच्या बश्या जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला. त्यांना अल्सर झाला असं सर्रास छापलं जातं. प्रत्यक्षात झाली ती जठराची सूज. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

प्रश्न : गुडघ्यांसाठी मला डायक्लोफेनॅक घ्यावं लागतं. सोबत पँटोप्राझोल घेते, शिवाय गोळी नेहमी भरल्या पोटी. आता पोट सुरक्षित समजू का? इंजेक्शन घेतलं तर पोटाचा प्रश्नच मिटेल का?

भरल्या पोटी घेतल्याने मळमळ कमी होते, अल्सर टळत नाही. या गोळ्या अस्तराला नुसत्या घासून इजा करत नाहीत. रक्तात गेल्यावर त्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबवतात. म्हणून इंजेक्शनने किंवा गुदद्वारातून घेतलेलं डायक्लोफेनॅकही जठराला अल्सर करू शकतं. आवरण असलेल्या ॲस्पिरिनचंही तेच. आवरणाचा दिलासा मुख्यतः मनाला. गुडघ्यावर लावायच्या जेलमधून रक्तात जाणारं औषध मात्र बरंच कमी असतं, त्यामुळे एक-दोन सांधेच दुखत असतील तर ते आधी वापरून पाहण्यासारखं आहे.

पँटोप्राझोल या आम्ल दाबणाऱ्या गोळीने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. त्याचं संरक्षण जठर आणि ड्युओडिनमपुरतं. त्यापुढच्या आतड्याला वेदनाशामकाने होणाऱ्या जखमांपासून ते वाचवत नाही. त्यामुळे वर्षातून एखादा हिमोग्लोबिन तपासावा, विनाकारण घसरत असेल तर हेही कारण असू शकतं.

कोणाला धोका जास्त? वय ६५ च्या पुढे, आधी अल्सर होऊन गेलेला, एकाच वेळी दोन वेदनाशामकं, सोबत स्टिरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं किंवा नैराश्यावरची सेरट्रलिनसारखी गोळी. आधी रक्तस्राव झालेला असेल तर हा गट शक्यतो सोडूनच द्यायचा. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही. यकृत ठीक असलेल्या प्रौढाला दिवसभरात ३ ते ४ ग्रॅमच्या आत ते चालतं.

खरी फसगत होते ती मिश्रणाच्या गोळ्यांत. ‘अंगदुखीची साधी गोळी’ म्हणून घेतलेल्या पाकिटावर पॅरासिटामॉलशेजारी ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिलेलं असतं. सर्दीच्या काही औषधांतही ते असतं. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. अल्सर भरत नाही म्हणून येणाऱ्या रुग्णांत अशी लपलेली गोळी सापडणं अगदी नेहमीचं आहे.

हृदयासाठी रोजचं लहान ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: पोट दुखलं म्हणून ते मनाने बंद करू नका. ज्यांना झटका आलेला आहे किंवा स्टेंट बसवलेला आहे, त्यांच्यात ते बंद करण्याचा धोका अल्सरपेक्षा मोठा असू शकतो. रक्तस्राव झाला तरीही, तो थांबल्यावर काही दिवसांतच डॉक्टर ते पुन्हा सुरू करतात, संरक्षक गोळीसह. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळून पँटोप्राझोल निवडतात. पहिल्या दोन गोळ्या क्लोपिडोग्रेल कार्यान्वित करणाऱ्या यकृतातल्या विकराला अडवतात.

प्रश्न : शौचाला काळं होतंय. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. घाबरायचं कधी?

लोहाने मल काळा किंवा काळपट हिरवा होतो, पण तो बांधलेला असतो. रक्तस्रावाचा मल डांबरासारखा चकचकीत, चिकट, पाण्याने लवकर न निघणारा आणि ओळखू येईल इतक्या उग्र वासाचा असतो. शंका असेल तर स्वतः ठरवत बसू नका, तपासून घ्या.

डांबरासारखा मल, ताज्या रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, थंड घाम, धडधड यांपैकी काहीही झालं तर रुग्णालय, आणि तेही लगेच. तोंडाने काही घेऊ नका, अँटासिडसुद्धा नाही, कारण दुर्बिणीसाठी पोट रिकामं हवं असतं. स्वतः गाडी चालवू नका. औषधांची सगळी पाकिटं बरोबर घ्या. पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन नेहमीसारखं आलं तर हुरळून जाऊ नये. रक्तातला द्रव आणि पेशी सुरुवातीला एकाच प्रमाणात जातात, आकडा नंतर घसरतो. रुग्णालयात आधी रक्तदाब सावरतात आणि साधारण २४ तासांच्या आत दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवतात: ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, सोबत क्लिप किंवा उष्णता.

सुरी खुपसल्यासारखी अचानक कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं, तर अल्सर फुटून भोक पडलेलं असू शकतं. ते बहुतेक वेळा तातडीच्या शस्त्रक्रियेचं काम. आणि कित्येक तासांपूर्वी खाल्लेलं अन्न उलटीत जसंच्या तसं पडत असेल, तर जठराचा खालचा दरवाजा सुजेने किंवा व्रणाने अरुंद झालेला असू शकतो.

प्रश्न : अल्सरसाठी थोड्या थोड्या वेळाने थंड दूध प्यावं, असं घरात सगळे सांगतात.

एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. तासातासाला दूध आणि साय देण्याची सिप्पी या अमेरिकी डॉक्टरांची पद्धत १९१५ पासून कित्येक दशकं चालली. दुधाने दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. आवडत असेल तर प्या, औषध म्हणून नको. अल्सरचं ठरावीक पथ्य नाही. जे खाल्ल्यावर त्रास होतो तेवढं काही आठवडे टाळा. मसालेदार सगळं सोडून फिकं खात वजन घटवण्यात काही अर्थ नाही.

सिगारेट आणि तंबाखूबद्दल मात्र सूट नाही. अल्सर त्याने उशिरा भरतो आणि पुन्हा होतो.

प्रश्न : आठ आठवडे गोळी घेतली, काही त्रास नाही. तरी डॉक्टर पुन्हा दुर्बीण टाकायला सांगतात. हा विनाकारण खर्च तर नाही?

अल्सर जठरातला असेल तर नाही. जठराचे थोडेसे अल्सर मुळात कर्करोगाचे असतात, आणि गंमत अशी की आम्ल दाबणाऱ्या गोळीने त्यांचाही पृष्ठभाग काही काळ भरून येतो. त्रास थांबला हा पुरावा म्हणून पुरत नाही. म्हणून ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा बघून, जखम उरली असेल तर तिच्या कडेचे अनेक तुकडे घेतात. ड्युओडिनमचा अल्सर सहसा कर्करोगाचा नसतो. तो असेल, त्रास नसेल आणि जिवाणू गेल्याची खात्री झाली असेल, तर दुसऱ्या दुर्बिणीची साधारणपणे गरज नसते. रिपोर्टवर जागा कोणती लिहिली आहे ते पाहून डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : ओमेप्राझोल रात्री जेवणानंतर घेतो, तरी पहाटे जळजळतं. आणि ते बंद केलं की आठवडाभर आधीपेक्षा जास्त. याची सवय लागते का?

वेळ चुकते आहे. ही गोळी आतड्यात विरघळून रक्तावाटे आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत जाते आणि त्या वेळी चालू असलेल्या ‘पंपां’नाच कायमचं बंद करते. पंप चालू होतात ते जेवणाने, आणि औषध रक्तात टिकतं जेमतेम एक-दोन तास. म्हणून जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं, शक्यतो सकाळी. जेवून झाल्यावर घेतलेली गोळी बरीचशी फुकट जाते. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. गोळी चावू किंवा कुटू नका, तिच्यावरचं आवरण आम्लापासून बचावासाठीच असतं. कॅप्सूल गिळता येत नसेल तर काहींमधले दाणे न चावता मऊ अन्नाबरोबर घेता येतात, औषधविक्रेत्याला विचारा.

बंद केल्यावर उसळणारी जळजळ ही व्यसनाची सवय नव्हे. आम्ल दाबलं गेल्यामुळे शरीरात गॅस्ट्रिन वाढलेलं असतं आणि ते काही आठवडे जादा आम्ल सोडायला लावतं. दोन महिन्यांहून जास्त घेतली असेल तर एकदम न थांबवता मात्रा निम्मी करा, मग दिवसाआड, आणि अधूनमधून अँटासिडवर वेळ काढा. वर्षानुवर्षं चालू ठेवायची असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासत राहावं. मात्र ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकाच्या संरक्षणासाठी दिलेली गोळी मूळ औषध चालू आहे तोवर बंद करायची नसते. आणि तुम्हाला ती कशासाठी दिली होती हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल, तर आधी तेच विचारून घ्या.